सीसीटीव्ही काय करतो आणि काय करू शकत नाही

१६ जानेवारी २०२५च्या पहाटे मुंबईत वांद्र्याला अभिनेते सैफ अली खान यांच्या घरात एक माणूस घुसला. झटापटीत खान यांच्यावर चाकूचे वार झाले. घुसणारा जिन्याने खाली पळाला आणि वाटेत सहाव्या मजल्यावरच्या कॅमेऱ्यात सापडला. चित्रावर वेळ होती रात्रीचे २ वाजून ३३ मिनिटं, आणि चेहरा बऱ्यापैकी स्पष्ट होता. तोच फोटो सगळीकडे फिरला. दोन दिवसांनी मुंबई पोलिसांकडून आलेल्या फोटोवरून छत्तीसगडमधल्या दुर्ग स्थानकात रेल्वे सुरक्षा दलाने ज्ञानेश्वरी एक्स्प्रेसमधून एका तरुणाला ताब्यात घेतलं. मग ठाण्यात दुसऱ्याच माणसाला अटक झाली आणि दुर्गच्या तरुणाला सोडण्यात आलं. तोपर्यंत त्याचाही फोटो बातम्यांमधून घरोघरी पोचला होता. आपली नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं, असं त्याने नंतर पत्रकारांना सांगितलं.

या एका प्रकरणात सीसीटीव्हीबद्दल समजून घ्यायचं जवळजवळ सगळं आहे. कॅमेऱ्याने हल्ला थांबवला नाही. कॅमेऱ्याने चेहरा टिपला, आणि तपासाला त्यातून दिशा मिळाली. त्याच चेहऱ्याशी भलत्याच माणसाची गाठ घातली गेली, तीही यंत्राच्या चुकीने नव्हे, तर चित्र पाहून ‘हाच तो’ असं ठरवणाऱ्या माणसांमुळे.

आपल्याकडे मात्र सुरक्षेचा विषय निघाला की पहिलं वाक्य असतं ‘कॅमेरे बसवून टाकू’. सोसायटीत सायकल चोरीला गेली, कॅमेरे. शाळेत काही घडलं, कॅमेरे. गावाच्या वेशीवर, देवळात, किराणा दुकानात, शेतातल्या मोटारीवर, सगळीकडे कॅमेरे. त्याला माझा विरोध नाही. पण पैसे मोजताना आपण नेमकं काय विकत घेतोय हे कळलं पाहिजे, कारण न कळता बसवलेला कॅमेरा लोकांना निर्धास्त करतो, आणि निर्धास्त झालेली माणसं कुलूप लावायला विसरतात.

कॅमेऱ्याची तीन कामं

कॅमेऱ्याकडून तीन वेगवेगळ्या अपेक्षा असतात आणि आपण त्या एकत्र कालवतो. पहिली, त्याला पाहून चोराने माघारी फिरावं. दुसरी, काही घडत असताना कुणीतरी ते पाहावं आणि धावून जावं. तिसरी, घडून गेल्यावर काय झालं ते कळावं. यातलं तिसरं काम कॅमेरा उत्तम करतो, पहिलं काही ठिकाणी करतो, आणि दुसरं तो एकटा करूच शकत नाही.

पहिल्या कामाबद्दल अंदाजाने बोलायची गरज नाही, त्यावर भरपूर अभ्यास झाले आहेत. एरिक पिझा, ब्रँडन वेल्श, डेव्हिड फॅरिंग्टन या गुन्हेशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९मध्ये चाळीस वर्षांतल्या अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. ७६ अभ्यासांचे आकडे एकत्र केल्यावर दिसलं की कॅमेरे असलेल्या भागात गुन्हे, कॅमेरे नसलेल्या तुलनेच्या भागापेक्षा साधारण १३ टक्क्यांनी कमी झाले. सर्वांत चांगला परिणाम वाहनतळांवर दिसला. मारामारी, हल्ले यांसारख्या हिंसक गुन्ह्यांवर मात्र लक्षात घेण्याजोगा परिणाम दिसला नाही.

याचं कारण समजायला अवघड नाही. गाडीची काच फोडणारा आधी इकडेतिकडे पाहतो आणि हिशेब करतो. समोर कॅमेरा असेल तर पुढच्या गल्लीतली गाडी त्याला सोयीची वाटते. दारू पिऊन किंवा रागाच्या भरात हात उचलणारा असा हिशेब करत नाही. सोनसाखळी ओढणाऱ्या दुचाकीस्वारांनी हिशेब केलेला असतो, पण वेगळा: डोक्यावर हेल्मेट, तोंडाला रुमाल, आणि चोरीची दुचाकी. त्यांना कॅमेऱ्याचं भय उरत नाही.

त्याच आढाव्यात आणखी एक गोष्ट आढळली, आणि मला ती १३ टक्क्यांच्या आकड्यापेक्षा महत्त्वाची वाटते. जिथे चित्रं प्रत्यक्ष बसून पाहिली जात होती, आणि कॅमेऱ्यांच्या जोडीला दिवे, गस्त असे इतर उपाय होते, तिथे परिणाम जास्त होता. नुसता कॅमेरा टांगून ठेवला तिथे कमी.

पाहणारा कोण?

सोसायटीच्या गेटवरच्या केबिनमध्ये एक जुना टीव्ही असतो, त्यावर सोळा चौकोन. समोर वॉचमन. तो गेट उघडतो, पाहुण्यांची नावं लिहितो, पार्सल घेतो, पाण्याची मोटर चालू-बंद करतो, कुणाच्या तरी गाडीमागे लावलेली दुसऱ्याची गाडी हलवायला सांगतो. त्या सोळा चौकोनांकडे त्याने बारा तास लक्ष ठेवावं अशी कमिटीची अपेक्षा असते. हे कुणालाच जमणार नाही. नुसतं पडद्याकडे पाहत राहायचं काम असलेल्या माणसाचंही लक्ष वीसेक मिनिटांत चांगलंच ढासळतं, हे या क्षेत्रात अनेक वर्षांपासून सांगितलं जातं.

मग यंत्राला पाहू द्यावं, हा पुढचा विचार. आजच्या कॅमेऱ्यांना हालचाल कळते, माणूस आणि वाहन यांतला फरकही बऱ्यापैकी कळतो, आणि मोबाइलवर सूचना येते. हे उपयोगी आहे. पण साध्या हालचाल-ओळखीत मांजर, झाडाची फांदी, पावसाची सर, वळणाऱ्या गाडीचा प्रकाश, सगळ्यालाच सूचना वाजते. आठवडाभरात माणूस कंटाळून ती बंद करतो. माणूस ओळखणारी प्रणाली घेतली, सूचना फक्त रात्री १२ ते ५ आणि फक्त मागच्या भिंतीपुरती ठेवली, तर ती टिकते.

आणि सूचना मिळाल्यावर पुढे काय, हा प्रश्न उरतोच. सुरक्षेचं गणित वेळेचं असतं. चोराला आत शिरून माल घेऊन बाहेर पडायला जितका वेळ लागतो, त्याच्या आत कुणीतरी तिथे पोचलं पाहिजे. कुलूप, जाळी, भक्कम कडी यांचं काम चोराला उशीर लावणं. कॅमेऱ्याचं किंवा अलार्मचं काम लवकर कळवणं. माणसाचं काम पोचणं. समजा, दुकानाचं शटर तीन मिनिटांत उचकटतं आणि सूचना मिळून पोलीस किंवा शेजारी यायला दहा मिनिटं लागतात. तर कॅमेरा कितीही महागडा असला तरी त्या रात्री तो फक्त चोरीचं चित्रण करणार. त्याच पैशांत शटरला मधलं कुलूप आणि आत जाळीचा दुसरा दरवाजा बसवला तर तीनाची बारा मिनिटं होऊ शकतात. म्हणून मी कुणालाही सांगताना कडी-कुलूप आधी सांगतो, उजेड त्यानंतर, आणि कॅमेरा तिसऱ्या क्रमांकावर.

चेहरा का दिसत नाही?

‘फुटेज आहे, पण ओळखू येत नाही’ हे वाक्य पोलीस ठाण्यात रोज ऐकू येत असेल. त्यामागचं गणित एकदा पाहिलं की कॅमेरा कुठे लावायचा हे आपोआप कळतं.

डिजिटल चित्र ठिपक्यांचं, म्हणजे पिक्सेलचं बनतं. आपल्याकडे सर्वाधिक बसवले जाणारे २ मेगापिक्सेलचे कॅमेरे आडवे १९२० ठिपके देतात. हे १९२० ठिपके समोर दिसणाऱ्या सगळ्या रुंदीत वाटले जातात. गेटसमोरचा १९ मीटर रुंद रस्ता त्यात घेतला, तर प्रत्येक मीटरला शंभर ठिपके येतात. सुरक्षा कॅमेऱ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या युरोपीय मानकानुसार तिथे कुणी आहे एवढं कळायला मीटरमागे २५ ठिपके पुरतात. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ लागतात. अनोळखी माणसाची ओळख खात्रीने पटवायची तर २५० लागतात.

आता १९२०ला २५०ने भागा. उत्तर येतं साडेसात मीटरच्या थोडं वर. म्हणजे चित्राची रुंदी त्याहून जास्त झाली की परक्या माणसाची ओळख पटवण्याची खात्री संपली. सोसायट्यांत सर्रास बसवल्या जाणाऱ्या २.८ मिलिमीटरच्या रुंद लेन्समधून ही रुंदी कॅमेऱ्यापासून सुमारे ३ मीटरवरच येते. तीन मीटर! सगळं आवार एका नजरेत दिसावं म्हणून दुसऱ्या मजल्यावर लावलेल्या कॅमेऱ्यातून माणूस आला-गेला कळतं, पांढरी गाडी की काळी कळतं, चेहरा कळत नाही. मोबाइलवर चित्र दोन बोटांनी मोठं केलं म्हणून नवे ठिपके येत नाहीत, आहेत तेच मोठे चौकोन होऊन दिसतात.

जिन्यातल्या कॅमेऱ्यात चेहरा चांगला येतो त्याचं कारण हेच: जागा अरुंद, माणूस जवळून जातो, आणि त्याला दुसरी वाट नसते. लिफ्ट, पादचारी गेट, दुकानाचं दार या अशाच जागा. प्रत्येक इमारतीत अशा दोन-तीन जागा असतात, जिथून आलेला प्रत्येक जण जातोच. तिथे एक कॅमेरा डोक्याच्या थोडा वर, सव्वादोन-अडीच मीटरवर, फक्त चेहऱ्यासाठी लावावा. बाकीचे कॅमेरे एकंदर हालचालीसाठी. फार उंच लावला तर टोपी आणि टक्कल दिसतं, चेहरा दिसत नाही.

अंतर सांभाळलं तरी प्रकाश राहतो. गेटवर कॅमेरा आतून बाहेर पाहत असेल आणि बाहेर ऊन असेल, तर येणारा माणूस काळी सावली होतो. याला तोंड देणारे कॅमेरे मिळतात, विकणाऱ्याकडे ‘डब्ल्यूडीआर’ म्हणून विचारावं लागतं. अंधारात कॅमेरा आपल्या डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकतो आणि कृष्णधवल चित्र देतो. त्या प्रकाशात कपड्यांचे रंग फसवतात. काळा किंवा गडद निळा शर्ट कापडावर आणि रंगावर अवलंबून चक्क फिकट दिसू शकतो, त्यामुळे रात्रीच्या चित्रणावरून कपड्यांचं वर्णन देताना फार जपावं लागतं. शिवाय त्या उबदार लालसर दिव्यांभोवती किडे जमतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि लेन्ससमोरचं जाळं रात्री प्रकाशाने लखलखून सगळं चित्र पांढरं करतं. पावसाळ्यानंतर महिन्यातून एकदा कॅमेरे पुसणं हे देखभालीच्या करारात लिहून घ्यावं, एवढं ते महत्त्वाचं आहे.

गाडीचा नंबर का दिसत नाही, तेही याच अंधारात दडलं आहे. उजेड कमी असला की कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी पडदा (प्रकाश आत घेणारं शटर) जास्त वेळ उघडा ठेवतो, समजा सेकंदाचा पंचविसावा भाग. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी सेकंदाला १० मीटर जाते, म्हणजे तेवढ्या क्षणात ती ४० सेंटिमीटर सरकते. नंबर प्लेट त्या ४० सेंटिमीटरवर फासली जाते. वर हेडलाइट थेट लेन्समध्ये. रस्त्यावर नंबर टिपणारे खास कॅमेरे पडदा सेकंदाच्या पाचशेव्या भागाहून कमी वेळ उघडतात आणि फक्त एका लेनकडे रोखलेले असतात. सोसायटीने गाडीचा नंबर हवा असेल तर गेटवर गतिरोधक घालावा, तिथे चांगला दिवा लावावा आणि गाडी जिथे हळू होते त्या जागी कॅमेरा रोखावा. सॉफ्टवेअरपेक्षा गतिरोधक स्वस्त पडतो.

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये बंदूक हातात घेतलेल्या कसाबचा जो फोटो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे, तो सीसीटीव्हीचा नाही. सेबॅस्टियन डिसूझा या वृत्तपत्र छायाचित्रकाराने जीव धोक्यात घालून तो काढला. कुठे उभं राहायचं, कधी बटण दाबायचं हे ठरवणारा माणूस त्या कॅमेऱ्यामागे होता. त्या हल्ल्यानंतर राम प्रधान समितीच्या अहवालाला धरून मुंबईत शहरभर कॅमेऱ्यांचं जाळं उभारायचं ठरलं, आणि २०१६मध्ये सुमारे पाच हजार कॅमेरे सुरू झाले. त्या जाळ्याचं मोल मोठं आहे. पण भिंतीवरचा कॅमेरा लावताना जो कोन ठरला, त्याच कोनातून तो कायम पाहत राहतो. म्हणून लावतानाच डोकं चालवावं लागतं.

हार्डडिस्क, वीज आणि घड्याळ

चित्रण किती दिवस राहतं? बहुतेक सोसायट्यांमध्ये उत्तर मिळतं, ‘महिनाभर असेल’. हिशेब करून पाहा. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ पद्धतीने चित्र दाबत, म्हणजे कमी जागेत बसवत असेल आणि सेकंदाला २ मेगाबिट वापरत असेल, तर दिवसाला सुमारे २२ जीबी लागतात. आठ कॅमेऱ्यांना सुमारे १७५ जीबी. १ टीबीची हार्डडिस्क सहा दिवसांच्या आत भरते आणि जुन्यावर नवं लिहिणं सुरू होतं. जुनी एच.२६४ पद्धत असेल तर त्याच्या निम्मे दिवस. महिनाभर ठेवायचं तर ६ टीबीची डिस्क लागते. गावाला गेलेलं कुटुंब दहा दिवसांनी परतून घरफोडी पाहतं तेव्हा चित्रण आधीच पुसलं गेलेलं असतं, आणि यात कुणाचाच कट नसतो.

डिस्कही चोवीस तास लिहून लिहून मरते, आणि मरताना आवाज करत नाही. पडद्यावर थेट चित्र दिसत राहतं, मागे काहीच साठत नसतं. म्हणून तपासणी म्हणजे थेट चित्र पाहणं नव्हे. कालच्या रात्रीचं तीन वाजताचं चित्रण उघडून पाहणं म्हणजे तपासणी. वीज गेली की कॅमेरेही जातात, त्यामुळे डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारं यंत्र, आणि कॅमेरे यांचा पुरवठा यूपीएसवर हवा. ‘चोरांनी जाताना डीव्हीआरही पळवला’ ही बातमी महिन्याला एकदा तरी वाचायला मिळते, कारण डीव्हीआर गल्ल्याशेजारी, टीव्हीखाली, सगळ्यांना दिसेल असा ठेवलेला असतो. तो कुलूपबंद कपाटात, वेगळ्या खोलीत ठेवावा, हवा खेळेल अशी सोय करून. महत्त्वाच्या एक-दोन कॅमेऱ्यांची प्रत इंटरनेटवर दुसरीकडे साठवता आली तर उत्तम.

बदलापूरच्या शाळेत ऑगस्ट २०२४मध्ये लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, तेव्हा शाळेतलं पंधरा दिवसांचं चित्रण मिळत नसल्याचं तत्कालीन शिक्षणमंत्र्यांनी सांगितलं. त्यानंतर राज्य सरकारने शाळांना महिन्याभरात कॅमेरे बसवायला सांगितलं आणि मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीन वेळा चित्रण तपासावं असंही आदेशात म्हटलं. आदेशातली तपासणीची अट मला फार योग्य वाटते, पण तिचा आवाका ओळखायला हवा. आठ कॅमेरे, सहा तासांची शाळा, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे २८८ तासांचं चित्रण. ते कुणी मुख्याध्यापक पाहू शकत नाही. त्या तीन तपासण्यांतून एवढंच कळेल की यंत्र चालू आहे, कॅमेऱ्याची दिशा कुणी बदललेली नाही, काही पुसलेलं नाही. तेही कमी नाही. मात्र मुलांना सर्वांत जास्त धोका असलेल्या जागांपैकी एक म्हणजे स्वच्छतागृह, आणि तिथे आत कॅमेरा लावता येत नाही, लावूही नये. त्या दाराशी विश्वासाची महिला सेविका लागते. तिचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि कॅमेरा एकदाच घ्यावा लागतो, म्हणून संस्था कॅमेरा निवडतात. पालकांनी सभेत कॅमेऱ्यांची संख्या विचारण्याआधी सेविकांची संख्या विचारावी, असं मला मनापासून वाटतं.

घड्याळाची गोष्ट छोटी आहे पण खटला बुडवू शकते. डीव्हीआरचं घड्याळ हळूहळू मागे-पुढे सरकतं, वीज वारंवार गेली आणि आतली छोटी बॅटरी संपलेली असेल तर थेट जुन्या तारखेवर जातं. गेटवरच्या यंत्रात सव्वानऊ आणि लिफ्टच्या यंत्रात नऊ वाजले असतील, तर तोच माणूस आधी लिफ्टमध्ये आणि मग गेटवर दिसतो. इंटरनेटवरून वेळ जुळवून घेण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते, ती फक्त चालू करावी लागते.

कोर्टात टिकतं का?

महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातून या प्रश्नाचा देशभराचा निकाल लागला आहे. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं होतं की खोतकरांचा अर्ज दुपारी ३ची मुदत टळल्यावर दाखल झाला. पुरावा म्हणून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण, सीडीवर उतरवलेलं, कोर्टासमोर आलं. अडचण एकच. अशा प्रतीसोबत, ती कोणत्या यंत्रातून आणि कशी काढली हे सांगणारं, पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमाखालचं प्रमाणपत्र लागतं, आणि वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिलं नव्हतं. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७मध्ये निवडणूक रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जुलै २०२०मध्ये तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला: प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ यंत्रच मालकाने स्वतः कोर्टात आणून सिद्ध केलं तर ते लागत नाही. आणि गोरंट्याल यांनी प्रमाणपत्र मिळवण्यासाठी शक्य ते सगळं केलं होतं, म्हणून त्यांच्यावर त्याचा दोष येऊ दिला नाही.

१ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि हीच तरतूद त्याच्या ६३व्या कलमात आली. प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत. एक यंत्र सांभाळणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची ‘हॅश’ किंमत लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलमधल्या सगळ्या आकड्यांवरून गणिताने काढलेली अक्षरांची एक ओळ. फाइलमध्ये एक ठिपका बदलला तरी ती ओळ पूर्ण बदलते, लखोट्यावरची लाख फुटल्यासारखी. सोसायटीच्या सेक्रेटरीला यातलं एवढंच माहीत हवं की व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली क्लिप कोर्टासाठी फारशी कामाची नसते. व्हॉट्सअ‍ॅप ती पुन्हा दाबतं, ठिपके जातात, आणि हॅश वेगळी येते.

चित्रण सादर न करणंही बोलतं. फेब्रुवारी २०१०मध्ये वाराणसीच्या एका हॉटेलात एका इटालियन पर्यटकाचा मृत्यू झाला आणि त्याच्या दोन सहप्रवाशांना खुनासाठी जन्मठेप झाली. हॉटेलात कॅमेरे होते, पण सरकार पक्षाने ते चित्रण कोर्टात आणलंच नाही. जानेवारी २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडलं, आणि सर्वोत्तम पुरावा हाताशी असताना तो का दडवला, असा सवाल निकालात केला. कॅमेरा फक्त आरोपीला पकडण्यासाठी नसतो, निरपराध्याला वाचवण्यासाठीही असतो. डिसेंबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावायला आणि ते चित्रण अठरा महिने, ते जमत नसेल तर किमान वर्षभर ठेवायला सांगितलं, ते याच विचाराने. कोठडीतल्या माणसासाठी दुसरा साक्षीदार नसतो.

कॅमेऱ्याकडे कोण पाहतंय?

फेब्रुवारी २०२५मध्ये गुजरातेत राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयात तपासणीच्या खोलीतलं महिलांचं चित्रण इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघड झालं. पकडलेल्यांत लातूर आणि सांगलीचे तरुण होते. यंत्राचा पासवर्ड कंपनीने दिलेला तसाच होता, कुणालाही सुचेल असा. त्याआधी ऑक्टोबर २०१६मध्ये ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रॅमने असेच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी अमेरिकेतल्या अनेक मोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. सुरक्षेसाठी आणलेली वस्तूच चोरवाट झाली. भारतात ९ एप्रिल २०२५पासून नव्या कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा चाचणी सक्तीची आहे, पण आधीच भिंतीवर असलेल्या लाखो कॅमेऱ्यांना त्याचा उपयोग नाही. त्यांचा पासवर्ड आजच बदलावा लागेल, आणि बसवून गेलेल्या फिटरकडे राहिलेला प्रवेशही बंद करावा लागेल.

राजकोटमध्ये पासवर्डच्याही आधीची चूक वेगळी होती. तपासणीच्या खोलीत कॅमेरा असायलाच नको होता. कपडे बदलण्याची जागा, तपासणीचा पलंग, स्वच्छतागृह इथे सुरक्षेचं कुठलंही कारण पुरेसं नाही, आणि महिलांच्या खासगी क्षणांचं चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या ७७व्या कलमाखाली गुन्हा आहे. घरातही तीच मर्यादा आहे. एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात, दुसऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या जागेत कॅमेरे चालवता येणार नाहीत असं कोलकाता उच्च न्यायालयाने ठरवलं आणि मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. आपल्या दारावरचा कॅमेरा शेजारच्या दारात, खिडकीत पाहत असेल तर तो वळवावा. बहुतेक यंत्रांत चित्राचा ठरावीक भाग काळा करून टाकण्याची सोय असते, तिने निम्मी भांडणं मिटतात.

सोसायटीत चित्रण कुणी पाहायचं याचाही नियम सर्वसाधारण सभेत ठरवून घ्यावा. सगळ्या सभासदांच्या मोबाइलवर सगळे कॅमेरे उघडे ठेवणं मला घातक वाटतं. अमक्याची मुलगी किती वाजता आली, तमक्याकडे कोण आलं, याची चर्चा त्यातूनच सुरू होते. दोन पदाधिकाऱ्यांकडे पासवर्ड, कुणी कधी काय पाहिलं याची वहीत नोंद, आणि इतरांना लेखी अर्जावर, एवढी शिस्त पुरते.

आणि खरोखर काही घडलंच, तर पहिल्या तासात करायच्या गोष्टी मोजक्या आहेत. यंत्र बंद करू नका आणि आतली डिस्क स्वतः काढू नका. त्या वेळेचं चित्रण ‘लॉक’ करा किंवा पेन ड्राइव्हवर मूळ स्वरूपात उतरवून घ्या, म्हणजे त्यावर नवं लिहिलं जाणार नाही. घटनेच्या अर्धा तास आधीपासून अर्धा तास नंतरपर्यंतचं घ्या, कारण चोर बहुतेक वेळा आधी एकदा फेरी मारून जातो आणि तेव्हा तोंडाला रुमाल नसतो. यंत्राच्या घड्याळाचा आणि मोबाइलच्या घड्याळाचा एकत्र फोटो काढा, दोन्हींतला फरक पंचनाम्यात नोंदवायला सांगा. शेजारच्या दुकानांना आणि समोरच्या इमारतीला त्याच दिवशी विनंती करा, त्यांची डिस्क कदाचित चार दिवसांचीच असेल. आणि संशयिताचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर किंवा फेसबुकवर टाकू नका. तो तपास अधिकाऱ्याकडे द्या, आणि त्यातला माणूस कोण हे त्यांना इतर पुराव्यांशी ताडून ठरवू द्या.